कौलाचा इंग्रजी शब्द

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. आमच्या मामांना चळवळ कुठली हे पाहायची सवय नव्हती. जिथे सभा तिथे ते, आणि सभेहून परतताना सदऱ्याच्या खिशात पत्रकांच्या घड्या. परदेशी साखरेविरुद्ध, दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, शिवाशिवीविरुद्ध. आई ती पत्रकं फडताळात डब्यांखाली अंथरायची, आणि ती डबा काढायला गेली की मी खालचा मजकूर वाचत उभा असायचो. डाळीच्या डब्याखाली दारूबंदी होती, तिखटाच्या डब्याखाली स्वदेशी. विषय निराळे, पण एक शब्द सगळीकडे असायचाच: म्हणजे. परदेशी साखर म्हणजे विष. हुंडा म्हणजे लेकीचा बाजार. हा एक शब्द हातात असला की माणसाला दुसरं हत्यार लागत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हायस्कुलात इंग्रजीच्या मास्तरांनी ते हत्यार माझ्या हातून काढून घेतलं. निबंधात मी ‘मीन्स’ हा शब्द ओळीओळीला वापरला होता. त्यांनी वही वर्गासमोर उघडली आणि विचारलं, “विलायती कापड ‘मीन्स’ गुलामगिरी. असं त्या ताग्यावर छापलेलं असतं काय रे?” वर्ग हसला. मी रागाने लाल होऊन म्हणालो की छापलेलं नसलं तरी खरं आहे. ते म्हणाले, “खरं असेल. पण ते तुला कोणी सांगितलं आणि किती जोराने सांगितलं, हे शब्दात यायला नको?”

पुढच्या आठवड्यात ते आम्हाला बंदरावर घेऊन गेले. आश्विन होता, हवा कोंदट होती, आणि बंदरावर वादळाचा बावटा चढला होता. मास्तरांनी काठीने त्याच्याकडे दाखवलं. हा बावटा वादळ ‘डिनोट’ करतो, ते म्हणाले. तसा नियमच ठरलेला आहे, त्यावर वाद नाही. मग पाण्याकडे वळले. एक खारवी डोळ्यांवर हात धरून समुद्राच्या काळपट पट्ट्याकडे पाहत होता. तो पट्टा वादळ ‘इंडिकेट’ करतो, तिकडे बोट दाखवतो, पण वादळ दुसरीकडे वळूही शकेल. पलीकडे दोघेजण न बोलता होडी वाळूत वर ओढत होते. त्यांनी तोंडाने काही सांगितलं नाही, तरी ते वादळ ‘इम्प्लाय’ करतात. आणि एक म्हातारी सुनेला म्हणत होती की आज मासळी वाळत घालू नको. ती फक्त ‘सजेस्ट’ करते. एका मुलाने विचारलं, “मग ‘प्रूव्ह’ कोण करतं, सर?” मास्तर म्हणाले, “उद्या सकाळी वाळूत मोडकी डोलकाठी सापडली तर ती.”

त्या दिवशी वादळ आलंच नाही. आम्ही मुलांनी मास्तरांची पुष्कळ थट्टा केली. पण वादळ एक आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे इतके, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. कोण बोट दाखवतो आहे आणि तो कुठे उभा आहे, हे पाहिल्याशिवाय शब्द निवडायचा नाही, असा त्यांचा नियम होता. मला तो तेव्हा भित्र्या माणसाचा नियम वाटे.

मॅट्रिकनंतर मी दारूच्या दुकानांपुढे उभा राहून घोषणा दिल्या, स्वतः पत्रकं लिहिली, ती छापून घेतली, आणि पोटासाठी मुलांच्या शिकवण्या करत वकिलांच्या कागदांची इंग्रजी भाषांतरं करत राहिलो. हे एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतलं सांगतो आहे. आमच्या आळीत एक वकील राहत, मी त्यांना काका म्हणे. एका सकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं की कोर्टातल्या दुभाष्याला हिवताप भरला आहे, मॅजिस्ट्रेट नवा गोरा साहेब आहे, त्याला मराठी अक्षर कळत नाही, आणि आज एका बाईचा खटला आहे. दुसरा कोणी मिळत नाही, सरकारी वकिलाचीही हरकत नाही, तेव्हा तू चल.

मी सरकारच्या कोर्टात शपथ घेणार ही बातमी माझ्याआधी कट्ट्यावर पोहोचली होती. मित्रांनी मला वाटेतच गाठलं. एकजण म्हणाला, “आला सरकारी पोपट. पेरू मिळणार काय रे?” मी तसाच कोर्टाकडे चालत राहिलो.

खटला असा होता. शहरापासून एका दिवसाच्या चालीवर, घाटाच्या बाजूला, एक गाव आहे. तिथल्या ग्रामदेवीचं रुपं, म्हणजे पालखीत बसवायचा चांदीचा मुखवटा, शिमग्याच्या आधी घासायला काढला, तेव्हा त्याचा एक सोन्याचा डोळा जागेवर नव्हता. देऊळ सारवायची पाळी त्या महिन्यात एका बाईच्या घराकडे होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, ती आणि लहान मुलगी गावात. पोलिसांनी तिला धरलं. भाऊ जामीन राहिला म्हणून ती तेवढी बाहेर होती. शिक्षा झाली असती तर ती तुरुंगात आणि मुलगी कोणाच्या तरी पडवीत.

कागद माझ्या हातात आले तेव्हा मी ते कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्याने वाचले. मूळ मराठी जबाबात गावच्या मानकऱ्याने सांगितलं होतं की देवीला कौल लावला, त्यात बाईचं घर निघालं. त्याची जी इंग्रजी नक्कल साहेबासमोर होती, तिच्यात कौलाचं नावच नव्हतं. तिथे लिहिलं होतं की गावकऱ्यांनी चौकशी केली आणि चोरी आरोपीनेच केल्याचं ‘प्रूव्ह’ झालं. साहेबाला वाटत असणार की चार शहाण्या लोकांनी साक्षी घेतल्या, झडती घेतली, आणि निर्णयाला आले.

काकांनाही ते दिसलं होतं. त्यांनी मला खांबाच्या आड नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मी त्या मानकऱ्याला विचारणारच आहे की तुला कसं कळलं. तो कौल सांगेल. साहेब अर्थ विचारेल. तू ‘सजेस्ट्स’ म्हण. फार तर ‘हिंट्स’. बाकीचं मी बघतो.”

मी म्हणालो, “तो तसं म्हणाला नाही तर?”

“तो काहीही म्हणाला तरी.” मग त्यांनी अंगणाकडे मान केली. “ती बघ, ती बसलीय.”

ती पारावर बसली होती, मांडीवर मुलगी झोपलेली. तिशीच्या आतलीच असेल. तिने आमच्याकडे पाहिलं आणि लगेच पदर सावरून दुसरीकडे बघू लागली.

काका चांगले माणूस होते. तिच्याकडून त्यांनी काही घेतलं नव्हतं. आणि कौलावर माझा विश्वास कसा असेल? दगडाला पाकळी चिकटवायची आणि ती पडली की तिच्या जोरावर एका बाईला चोर ठरवायचं, याविरुद्ध मी रस्त्यात उभा राहून गळा फाडून बोललो असतो. पण थोड्याच वेळापूर्वी मी हात वर करून सांगितलं होतं की जे ऐकेन तेच सांगेन, वाढवणार नाही, घटवणार नाही. शपथ सरकारची होती, पण जीभ माझी होती. ज्या नकलेवर मी आता संतापलो होतो, तिच्या लेखकानेही हेच केलं होतं: आपल्याला हवा तो शब्द दुसऱ्याच्या तोंडात घातला होता. त्याचा शब्द बाईविरुद्ध होता, माझा बाईच्या बाजूचा होणार होता. एवढाच फरक.

कोर्टात उकडत होतं. पंख्याची दोरी ओढणारा गडी पेंगत होता आणि साहेब दर थोड्या वेळाने त्याच्याकडे नुसतं पाहत होता. मानकरी साक्षीला उभा राहिला. उंच, वाळका माणूस, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता, आणि त्यामुळेच मला त्याची भीती वाटली. खोटं बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत फुटतो. हा फुटणारा नव्हता.

काकांनी विचारलं की चोरी हिनेच केली हे कसं कळलं. मानकरी म्हणाला, “कौल लावला. देवीनं उजवी पाकळी दिलीन.”

साहेबाने कौल म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा मी समजावून सांगितलं की तगरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला लावतात, गाऱ्हाणं घालतात, एकेका घराचं नाव घेतात, आणि उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. साहेबाने टाक खाली ठेवला. कागद उलटून मागे गेला, पुन्हा पुढे आला. ‘चौकशी’ हीच का, असं त्याने विचारलं. मानकऱ्याला विचारून मी सांगितलं की हीच.

मग साहेबाने तो प्रश्न विचारला. पाकळीचं पडणं या साक्षीदाराच्या मते काय ‘सिग्निफाय’ करतं?

सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाले, ‘प्रूव्ह्ज’. काका उठून म्हणाले, फार तर ‘सजेस्ट्स’. साहेबाने दोघांना हाताने गप्प केलं आणि माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार काय म्हणतो?

मी मानकऱ्याला विचारलं, “पाकळी पडली, म्हणजे काय झालं?”

तो माझ्याकडे दया आल्यासारखा पाहू लागला. “म्हंजे काय झालं? देवी बोलली. घर दाखवलंन.”

दाखवलंन. मला बंदर आठवलं, मास्तरांची काठी आठवली. ‘शोज’ म्हणावं तर इंग्रजीत ते पुराव्याच्या अगदी दाराशी जाऊन उभं राहतं, आणि सरकारी वकील ते आत ओढून घ्यायला तयारच होते. ‘हिंट्स’ म्हणावं तर समोरच्या माणसाचा अपमान, कारण त्याची देवी कुजबुजत नव्हती, बोलत होती. साहेबाने टाक उचलला. एक शब्द पुरे, तो म्हणाला. काका माझ्याकडे एकटक पाहत होते. आरोपीच्या कठड्यात बाई उभी होती, आणि कडेवरची मुलगी जागी होऊन तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत होती.

मी म्हणालो की शब्द सांगण्याआधी मला साक्षीदाराला आणखी एक प्रश्न विचारावा लागेल, त्याशिवाय खरा शब्द सांगता येणार नाही. दुभाष्याने प्रश्न विचारायचे नसतात. सरकारी वकील उठले. काका जोरात खाकरले, आणि त्या खाकरण्याचा अर्थ मला नीट कळला: गप्प राहा, हा माणूस आता काहीही बोलून बसेल. त्यांचं चूक नव्हतं. तो म्हणाला असता की देवी बोलली की झालं, तिच्यापुढे कसला निकाल, तर मला तेच सांगावं लागलं असतं, जसंच्या तसं, आणि ‘प्रूव्ह्ज’ या शब्दाला मीच आधार दिला असता. साहेबाने क्षणभर विचार केला आणि परवानगी दिली.

मी विचारलं, “देवीनं घर दाखवल्यावर पुढं काय करायची रीत आहे तुमच्या गावात?”

एवढा वेळ मानकरी ताठ उभा होता. आता त्याने कठड्याला धरलं.

“घरवाल्यानं नारळ घेऊन देवीफुडं उभं ऱ्हायाचं,” तो म्हणाला. “मग दुसरा कौल. त्या घराचा. तो झाला की मग काय ता ठरलं.”

“आणि दुसरा कौल लावलात?”

“नाय. तिचा घोव मुंबैला. घरवाला नसताना घराचा कौल पुरा होत नाय.”

“मग पोलीस कसे आले?”

हा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नव्हता, पण तो माझ्या तोंडून गेला. मानकरी खाली बघत म्हणाला, “शिमगा जवळ आला. देवी एका डोळ्यानं पालखीत बसवायची काय? लोकांना घाई झाली.” आणि जरा थांबून, “मलाबी झाली.”

मी साहेबाकडे वळून हे सगळं वाक्यामागून वाक्य सांगितलं, काही न गाळता. आणि शेवटी म्हणालो, ‘इंडिकेट्स’. पाकळी घराकडे बोट दाखवते. या साक्षीदाराच्या स्वतःच्या रीतीप्रमाणे निकाल अजून लागलेला नाही.

साहेबाने तो शब्द लिहिला. त्याच्या टाकाचा आवाज मला ऐकू येत होता. त्याने मानकऱ्याला पुन्हा विचारायला लावलं की दुभाष्याने सांगितलं ते बरोबर आहे का. मी माझंच बोलणं त्याला मराठीत ऐकवलं. त्याने मान हलवली. “बराबर. अर्धाच कौल झाला.”

दुसरा पुरावा नव्हताच. दुपारनंतर बाई सुटली.

काका बाहेर येऊन माझ्याशी बोलले नाहीत. कोट काढून हातावर टाकला आणि घरी गेले. संध्याकाळी त्यांनी घरून कोकमाचं सरबत पाठवलं, तेव्हा मला कळलं की राग गेला, किंवा जायला लागला.

पण मला त्या दुपारचं सांगायचं आहे. बाई पारापाशी थांबली होती. मला वाटलं आभार मानेल, आणि मी ते नम्रपणे नाकारायची तयारीही केली होती. तिने विचारलं, “दादा, सायबाला देवीचं काय सांगितलात?”

मी सांगितलं की देवीने तुझ्या घराकडे बोट दाखवलं, पण निकाल दिला नाही, असं सांगितलं.

ती म्हणाली, “खरं तेच सांगितलात.” आणि मुलीला कडेवर घेतलं. “कोर्टानं सोडलंन. देवीनं अजून सोडलंन नाय.”

मला चीड आली. इंग्रजांचा मॅजिस्ट्रेट हिला निर्दोष म्हणतो आणि ही अजून दगडाच्या तोंडाकडे बघते. मी तिला पारावरच भाषण दिलं. पाकळी ओली असते तोवर चिकटते, वाळली की पडते, यात देवीचा काय संबंध, तू चोरी केली नाहीस हे तुला माहीत आहे ना, मग झालं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला ठावं असून काय करू? विहिरीवर बाया माझी कळशी उतरवून ठेवतात. शिमग्याला पालखी माझ्या दारात आली नाय तर पोरीला कोण करील उद्या? तुमचा सायेब येईल काय पाणी भरायला?”

यावर माझ्याजवळ पत्रक होतं, उत्तर नव्हतं.

मी ते पत्रक त्याच आठवड्यात लिहिलं. कौलाविरुद्ध. मित्राच्या छापखान्यात पिवळ्या कागदावर छापून घेतलं. आणि शिमग्याला तिचा नवरा बोटीने आला तेव्हा बंदरावर त्याला भेटून मीही त्यांच्या गावी जायला निघालो, खांद्यावरच्या झोळीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन. पालखीला सारा गाव जमतो, मुंबईचे चाकरमानीही येतात. यापेक्षा चांगली वेळ कुठली? नवरा अबोल माणूस होता. नदी ओलांडताना त्याने झोळीकडे बघून विचारलं की यात काय आहे. मी सांगितलं. घरी पोहोचल्यावर त्याने बायकोला सांगितलं असावं, कारण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा म्हणाली, “दादा, कौल होईस्तवर झोळीचं तोंड सोडू नका. एवढं करा.”

मी ते कबूल केलं. मला ते आवडलं नव्हतं.

कौल दुसऱ्या दिवशी सकाळी होता, पालखी उठायच्या आधी. देवळात माणसं दाटली होती. मी जोडे काढून दारातच उभा राहिलो. आत जाऊन हात जोडणं मला जमणार नव्हतं. देवी म्हणजे काळा, गुळगुळीत पाषाण. गुरवाने भिजवलेल्या पाकळ्या तिच्या उजव्या आणि डाव्या खांद्यांवर लावल्या. नवरा नारळ छातीशी धरून समोर उभा राहिला, बाई त्याच्या मागे, पदर दोन्ही मुठींत गच्च धरलेला. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. या घराचा हात नसेल तर उजवी दे, असेल तर डावी दे. जमलेले लोक एका आवाजात होय म्हणाले, आणि सगळे पाकळ्यांकडे बघू लागले.

वेळ जाऊ लागला. फाल्गुनातली कोरडी सकाळ, कातळावरून गरम वारा येत होता. पाकळ्या वाळत होत्या. मी ज्या शास्त्राने पत्रक लिहिलं होतं त्याच शास्त्राने बघत होतो आणि मला दिसत होतं की दारातून येणारा वारा थेट डाव्या खांद्याला लागतो आहे. डाव्या पाकळीची कड उचलली गेली होती. वारा आला की ती थरथरे, वारा थांबला की पडून राही. उजवी पाकळी खांबाच्या आडोशाला होती, अजून ओली, चपटी बसलेली. माझ्या बाजूचा एक म्हातारा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटू लागला. बाई डाव्या पाकळीकडे बघत होती. तिलाही ते दिसलं होतं. सगळ्यांनाच दिसलं होतं.

मी दारात जरा बाजूला उभा होतो. मी मधोमध आलो. झोळी पाठीवरून ओढून कमरेशी घेतली, तिच्यातले पिवळे कागद फुगलेले होते, आणि दाराच्या चौकटीत जेवढा मावत होतो तेवढा मावून उभा राहिलो. पाठीवर वारा लागत होता. आत डावी पाकळी हलायची थांबली.

मी हे लपवत नाही, आणि याबद्दल कोणाची क्षमाही मागत नाही. एका बाईच्या विहिरीचं पाणी पाकळीवर टांगलेलं असेल, तर वारा अडवायला मी पुन्हा उभा राहीन. कोर्टात मी शब्द हलका केला नव्हता. इथे मी शपथ घेतली नव्हती.

तरीही उजवी पडेना. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. गुरवाचे ओठ सुकले होते. नवऱ्याच्या हातातला नारळ खाली खाली येत होता आणि तो दचकून पुन्हा वर धरत होता. मी स्वतःला बजावत होतो की ही ओल आहे, हा दगड आहे, आणि माझा श्वास छातीत अडकून बसला होता. मग उजवी पाकळी, वारा नसताना, हळूच घसरली आणि पाषाणाच्या पायाशी पडली.

बाई रडली नाही. तिने गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं, आणि बराच वेळ उठलीच नाही. शेवटी मुलीने तिचा पदर ओढला.

दुपारी पालखी तिच्या अंगणात आली. ढोल वाजत होते, चाकरमानी पालखी नाचवत होते. मुखवट्याचा एक डोळा रिकामाच होता; तो डोळा आजवर सापडलेला नाही. तिने ओटी भरली. सकाळपर्यंत तिची कळशी उतरवून ठेवणाऱ्या बायका तिच्या अंगणात हळदीकुंकू लावून घेत होत्या, आणि ते बघून माझा राग जरासुद्धा कमी झाला नाही. उलट वाढला. पाकळी दुसऱ्या बाजूला पडली असती तर याच बायका काय करत असत्या, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, त्या बायकांनाही माहीत होतं.

ती माझ्याजवळ आली. “आता वाटा तुमचे कागद,” ती म्हणाली.

मी वाटले. चाकरमान्यांनी घेतले, काहींनी वाचले, काहींनी घामाला वारा घ्यायला वापरले. मानकऱ्याने एक घेतला, उलटा धरला, आणि बाईच्या नवऱ्याला म्हणाला, “वाच रे.” नवरा मुंबईत अक्षरं शिकला होता. त्याने अडखळत पहिली ओळ वाचली: पाकळी ओली असते तोवर चिकटते, वाळली की गळते.

“हे आमाला ठावं हाय,” मानकरी म्हणाला. आजूबाजूचे हसले. “पानी आमीच लावतो नव्हं?”

मी म्हणालो, “मग कौल म्हणजे काय राहिलं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, कोर्टात पाहिलं होतं तसंच. “सकाळी तुमी दारात येऊन उभे ऱ्हायलात. वारा लागू नये म्हनून. पाह्यलं मी.”

मला वाटलं आता संपलं. नवऱ्याच्या हातातला कागद तसाच राहिला. बाई ओटीचं ताट घेऊन तिथेच उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“तुमी देवाला मानत नाय,” मानकरी म्हणाला. “देवळात पाय ठेवणार नाय म्हनून दारात उभे. बराबर तिथंच. तुमाला तिथं कोनी उभं केलंन?”

मी तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं. पण मी काही बोललो असतो तर ते तिच्या अंगणात, तिच्या ओटीच्या ताटासमोर बोललो असतो, आणि ती माझ्याकडे बघत होती. मानकऱ्याने पिवळा कागद नीट घडी करून रुमालात खोचला, पालखीच्या दांड्याला हात लावला, आणि ओरडून पुढच्या घराचं नाव घेतलं. पालखी उठली. ती ताट खाली ठेवून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

वाटून उरलेले कागद मी झोळीत परत भरले. पुढच्या गावात वाटायचे होते.